डार्क मॅटर आहे हे कशावरून, आणि मग ते सापडत का नाही

डार्क मॅटरचा, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या पण गुरुत्वाकर्षणाने ओढणाऱ्या पदार्थाचा, विषय निघाला की कोणीतरी हमखास विचारतं, की इतकी वर्षं शोधताय, एवढी महागडी यंत्रं जमिनीखाली पुरलीत, आणि अजून एक कण हाती लागला नाही, मग हे सगळं गणित जुळवण्यासाठी मनानेच घुसडलेलं नाही कशावरून? प्रश्न अगदी रास्त आहे. पण त्यात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळलेले असतात. एक म्हणजे असं काहीतरी आहे का, आणि दुसरा म्हणजे ते कशाचं बनलंय. पहिल्या प्रश्नाचे पुरावे इतक्या वेगवेगळ्या बाजूंनी आलेत आणि एकमेकांशी इतके जुळतात की ते नाकारणं फार कठीण आहे. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र आज खरंच कोणाकडे नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, आणि मला वाटतं हे एवढं नीट समजलं तरी या विषयातला निम्मा गोंधळ संपतो.

सुरुवात वेगापासून करू. गोफणीत दगड घालून गरगर फिरवला की हाताला ओढ लागते, जितक्या जोरात फिरवाल तितकी दोरी घट्ट धरावी लागते, आणि दोरी सुटली की दगड सरळ निघून जातो. आकाशात दोरीच्या जागी गुरुत्वाकर्षण असतं, म्हणजे एखादी गोष्ट किती वेगाने आणि किती अंतरावरून फिरतेय हे कळलं की मधे तिला ओढून धरणारं वस्तुमान किती आहे ते काढता येतं, त्यासाठी ते वस्तुमान डोळ्यांना दिसायची गरज नाही. सूर्यमालेत हे चोख जमतं. बुध सेकंदाला साधारण ४७ किलोमीटर वेगाने फिरतो, पृथ्वी ३० आणि पार लांबचा नेपच्यून जेमतेम ५.४. कारण सूर्यमालेचं ९९ टक्क्यांहून जास्त वस्तुमान एकट्या सूर्यात आहे, त्यामुळे जितकं लांब जाल तितकी ओढ कमी, आणि ओढ कमी तर वेगही कमी.

आता हेच एका अख्ख्या दीर्घिकेला लावायचं. दीर्घिका म्हणजे गॅलक्सी, अब्जावधी ताऱ्यांची फिरती चकती. फोटोत बघितलं तर मधे झगझगीत उजेड आणि कडेला तो विरळ होत जातो, म्हणजे तारे बहुतेक मधेच एकवटलेत, मग कडेचे तारे नेपच्यूनसारखे संथ फिरायला हवेत. व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड या दोन अमेरिकन खगोलशास्त्रज्ञांनी हे मोजायचं ठरवलं. फोर्ड यांनी फार संवेदनशील वर्णपटमापक तयार केला होता, त्यामुळे अगदी अंधुक भागातला प्रकाशही वर्णपटात पसरून बघता येत होता. जो भाग आपल्याकडे येतोय त्याच्या रेषा निळ्याकडे सरकतात, जो लांब जातोय त्याच्या लालकडे, आणि किती सरकल्या त्यावरून वेग निघतो. १९७० मध्ये त्यांनी देवयानी दीर्घिकेचं म्हणजे अँड्रोमेडाचं मोजमाप प्रसिद्ध केलं, आणि बाहेर जावं तसा वेग पडतच नव्हता. एकच दीर्घिका विचित्र असेल असं म्हणायला जागा होती, म्हणून ते मोजतच राहिले आणि १९८० मध्ये २१ सर्पिल दीर्घिकांचा निकाल मांडला, सगळीकडे तेच, आलेख खाली यायच्या ऐवजी सपाटच जातोय.

याच सुमारास रेडिओ दुर्बिणीवाले आणखी बाहेर पोचले होते. हायड्रोजनचा थंड वायू २१ सेंटीमीटर तरंगलांबीच्या रेडिओ लहरी सोडतो आणि तो वायू ताऱ्यांच्या चकतीच्याही खूप पलीकडे पसरलेला असतो, म्हणजे जिथे उजेड जवळपास संपलाय तिथेही वेग मोजता येतो. आल्बर्ट बोस्मा यांनी १९७८ मध्ये अशा बऱ्याच दीर्घिकांची मोजमापं दिली, आणि तिथेही वेग टिकून होता. याचा सरळ अर्थ असा, की दिसणारी चकती एका खूप मोठ्या, न दिसणाऱ्या गोलसर ढगाच्या मधोमध बसलीय, आणि बहुतेक वस्तुमान त्या ढगातच आहे. त्या ढगाला हेलो म्हणतात. आपली आकाशगंगाही तशीच आहे.

खरंतर ही शंका त्याच्याही कितीतरी आधी येऊन गेली होती. १९३३ मध्ये फ्रिट्झ झ्विकी हे कॅलटेकमधले खगोलशास्त्रज्ञ कोमा नावाच्या दीर्घिकासमूहाकडे बघत होते. त्या समूहातल्या दीर्घिका एकमेकींच्या तुलनेत सेकंदाला हजारेक किलोमीटर अशा वेगाने इकडेतिकडे पळत होत्या, आणि एवढ्या वेगाने पळणाऱ्या दीर्घिका एकत्र बांधून ठेवायला दिसणाऱ्या ताऱ्यांचं वस्तुमान कुठेच पुरत नव्हतं. हा समूह केव्हाच विखरून जायला हवा होता. झ्विकी यांनी काढलेला आकडा आजच्या मानाने खूप फुगलेला होता, कारण त्या काळी विश्वातली अंतरंच चुकीची धरली जात होती, पण अंतरं दुरुस्त केली तरी तूट राहतेच. पुढे १९७० च्या दशकात क्ष-किरणांच्या उपग्रहांनी दाखवलं की अशा समूहांमध्ये कोट्यवधी अंश तापमानाचा वायू भरलेला असतो आणि त्याचं वस्तुमान सगळ्या ताऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त असतं. म्हणजे हरवलेल्या मालातला थोडा भाग तिथे सापडला, आणि तो अगदी साधा वायू होता. पण गंमत बघा, एवढा तापलेला वायू समूहात टिकून राहायचा तर त्यालाही धरून ठेवणारी ओढ लागते, आणि त्याच्या तापमानावरून ओढीचा हिशोब केला की परत तेच उत्तर येतं, तारे अधिक वायू मिळून जे होतं त्याच्या कितीतरी पट वस्तुमान हवंय.

इथपर्यंतचे सगळे पुरावे वेगावर किंवा तापमानावर उभे आहेत. आता एक पूर्ण वेगळी पद्धत. वस्तुमानाजवळून जाताना प्रकाश वाकतो, हे आइन्स्टाईनचं भाकीत १९१९ च्या सूर्यग्रहणात तपासलं गेलं होतं. एखादा भलामोठा दीर्घिकासमूह मधे असेल तर त्याच्या मागच्या दीर्घिकांचा प्रकाश वाकून आपल्याला त्यांच्या लांबट, कमानीसारख्या प्रतिमा दिसतात, कधीकधी एकाच दीर्घिकेच्या दोन-तीन प्रतिमा दिसतात. वाकणं जितकं जास्त तितकं वस्तुमान जास्त. इथे कोण किती वेगाने पळतंय याचा काही संबंधच नाही, तरीही समूहांचं वजन पुन्हा तेवढंच भरतं. शिवाय या पद्धतीने वस्तुमान नुसतं किती आहे एवढंच नाही तर कुठे आहे याचा नकाशाही काढता येतो.

आणि त्या नकाशानेच २००६ मध्ये बुलेट क्लस्टर प्रसिद्ध केला. हे दोन दीर्घिकासमूह एकमेकांतून आरपार गेलेत, आपल्यापासून साधारण साडेतीन-चार अब्ज प्रकाशवर्षं लांब. अशी टक्कर झाली की दीर्घिका एकमेकींना चुकवून निघून जातात, कारण त्यांच्यामधे प्रचंड मोकळी जागा असते. गरम वायू मात्र सगळीकडे पसरलेला, तो एकमेकांवर आदळतो, घासला जातो आणि मागे राहतो. चंद्रा या क्ष-किरण दुर्बिणीच्या फोटोत तो वायू मधे अडकलेला स्वच्छ दिसतो, एका बाजूला तर गोळीपुढे उठावी तशी धक्कालहर सुद्धा आहे. आपल्या ओळखीच्या पदार्थाचा मोठा वाटा या वायूतच आहे, म्हणजे डार्क मॅटर वगैरे काही नसतं तर प्रकाश सगळ्यात जास्त तिथेच वाकायला हवा होता. तसं झालं नाही. वस्तुमानाचे दोन ढीग निघाले ते दोन्ही बाजूंना, पुढे निघून गेलेल्या दीर्घिकांच्या सोबत. म्हणजे जे काही आहे ते टकरीत न घासता, न थांबता पार झालं, वायूशीही नाही आणि आपापसातही फारसं अडलं नाही. वस्तुमान एकीकडे आणि वायू दुसरीकडे असं वेगळं झालेलं डोळ्यांसमोर दिसतं, म्हणून हा पुरावा मला फार भावतो.

पण सगळ्यात भक्कम पुरावा कोणता असं विचारलं तर बरेच शास्त्रज्ञ बुलेट क्लस्टरही नाही आणि रुबिन यांचे आलेखही नाही, ते विश्वाच्या बालपणीच्या उजेडाकडे बोट दाखवतात. तो समजायला थोडा वेळ द्यावा लागतो, पण द्याच.

महास्फोटानंतर साधारण ३,८०,००० वर्षं विश्व इतकं गरम होतं की अणू टिकतच नव्हते, मोकळे इलेक्ट्रॉन आणि केंद्रकं यांचा दाट रस होता आणि प्रकाश त्यात सतत अडकत होता. मग विश्व थंड झालं, अणू तयार झाले, प्रकाश मोकळा सुटला, आणि तोच प्रकाश आज ताणला जाऊन मायक्रोवेव्ह होऊन सगळ्या दिशांनी आपल्यापर्यंत येतो. पेन्झियस आणि विल्सन यांना तो १९६४-६५ मध्ये सापडला. पुढे कोबी, मग डब्ल्यूमॅप आणि २००९ मध्ये सोडलेला प्लँक उपग्रह यांनी त्याचं तापमान आकाशभर मोजलं, सगळीकडे जवळपास सारखंच, निरपेक्ष शून्याच्या (उणे २७३ अंश सेल्सिअसच्या) वर २.७ अंश, फरक फक्त एक लाखात एक एवढा. हे बारीक फरक म्हणजे त्या रसात उठलेल्या ध्वनिलहरी आहेत. जिथे वस्तुमान किंचित जास्त तिथे रस खेचला जायचा, दाबला गेला की प्रकाशाचा दाब वाढून परत बाहेर ढकलला जायचा, मग परत आत. हे आतबाहेर चालू असतानाच प्रकाश सुटला, आणि लहरींची त्या क्षणाची स्थिती आकाशात उमटून राहिली.

आता विचार करा, त्या रसात जर असा काही पदार्थ असेल ज्याला प्रकाशाचा दाब लागूच पडत नाही, तर तो आतबाहेर करणार नाही, तो नुसता आत जमत राहणार आणि बाकीच्या रसाला आत ओढत राहणार. म्हणजे साधा पदार्थ आणि हा पदार्थ दोघेही गुरुत्वाकर्षणाने ओढतात, पण लहरींवरचा त्यांचा परिणाम वेगवेगळा पडतो. लहान-मोठ्या आकारांच्या लहरी किती जोरदार आहेत याचा आलेख काढला की त्यात शिखरं दिसतात, पहिलं, दुसरं, तिसरं, आणि त्यांच्या उंचीची तुलना केली की दोन्ही पदार्थ किती किती होते ते वेगवेगळं काढता येतं. डार्क मॅटर नसतं तर तिसरं शिखर दिसतंय तेवढं उंच आलंच नसतं. प्लँकचा हिशोब असा, विश्वात जे काही आहे त्यापैकी साधा पदार्थ साधारण ५ टक्के, डार्क मॅटर २७ टक्क्यांच्या आसपास आणि उरलेली ६८ टक्के डार्क एनर्जी, जो पूर्ण निराळा विषय आहे आणि या दोघांची गल्लत करू नये. म्हणजे पदार्थापुरतं बोलायचं तर एकास पाच.

त्याच उजेडातून आणखी एक गोष्ट निघते, आणि ती तर कागद-पेन्सिलीने कळते. सुरुवातीचे चढउतार एक लाखात एक. तेव्हापासून आजपर्यंत विश्व साधारण अकराशे पट पसरलं, आणि गुरुत्वाकर्षणामुळे असे चढउतार ढोबळमानाने फार तर तेवढ्याच पट वाढू शकतात. लाखात एक गुणिले हजार म्हणजे शंभरात एक. नुसता साधा पदार्थ असता तर आज विश्वात एक टक्का इकडेतिकडे असा गुळगुळीत वायू असता, दीर्घिका नाहीत, तारे नाहीत, आपण नाही. दीर्घिका आहेत याचा अर्थ कोणीतरी आधीपासून ढीग करायला सुरुवात केली होती, प्रकाशाच्या दाबाला न जुमानता. आपण ज्या मातीचे बनलोत ती माती नंतर त्या ढिगांमध्ये जाऊन पडली.

आणि हा पाच टक्क्यांचा आकडा पडताळायला अजून एक स्वतंत्र साक्षीदार आहे, ड्युटेरियम म्हणजे जड हायड्रोजन. तो महास्फोटानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत तयार झाला, आणि किती शिल्लक राहिला हे तेव्हा साधा पदार्थ किती दाट होता यावर ठरतं, जास्त दाट असता तर जवळपास सगळा ड्युटेरियम हेलियममध्ये जळून गेला असता. लांबच्या क्वेसारचा, म्हणजे अतिशय तेजस्वी दीर्घिका-केंद्राचा, प्रकाश जुन्या वायूच्या ढगांतून येतो तेव्हा त्यात ड्युटेरियमच्या रेषा दिसतात, त्या मोजल्या की साधा पदार्थ परत पाचच टक्क्यांच्या आसपास येतो. पहिली काही मिनिटं आणि ३,८०,००० वर्षांनंतरचा उजेड, दोन्हींमागचं भौतिकशास्त्र वेगळं, मोजणारी यंत्रं वेगळी, उत्तर एकच. म्हणून न दिसणारा उरलेला पदार्थ म्हणजे विझलेले तारे, धूळ, काळा पडलेला गॅस असं काही असेल हा मार्ग इथेच बंद होतो, कारण ते सगळं या पाच टक्क्यांतच मोजलं गेलंय.

तरीही एक शंका उरते आणि ती टाळून चालणार नाही. गुरुत्वाकर्षणाचा नियमच मोठ्या अंतरांवर चुकत असेल तर? इतिहासात दोन्ही प्रकार झालेत. युरेनसची चाल हिशोबात बसत नव्हती तेव्हा ल व्हेरिए या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञांनी न दिसणारा ग्रह असेल असं गणित मांडलं आणि १८४६ मध्ये बर्लिनच्या वेधशाळेत नेपच्यून सापडला. मग बुधाची चाल बसेना तेव्हा त्यांनी तीच युक्ती परत वापरली, सूर्याजवळ व्हल्कन नावाचा ग्रह असावा म्हणून लोक वर्षानुवर्षं शोधत राहिले, पण तसा ग्रह नव्हताच, न्यूटनचा नियमच तिथे अपुरा होता आणि १९१५ मध्ये आइन्स्टाईनने तो सुधारला. त्यामुळे नियम बदलून बघणारे लोक वेडे नाहीत. १९८३ मध्ये मोर्डेहाय मिलग्रॉम यांनी मॉन्ड नावाची कल्पना मांडली, की त्वरण अतिशय कमी झालं की ओढ नेहमीच्या नियमाप्रमाणे घटत नाही, आणि एवढा एकच बदल करून एकेका दीर्घिकेचे फिरण्याचे आलेख इतके छान जुळतात की ते का जुळतात याचं उत्तर डार्क मॅटरवाल्यांनीही द्यायला हवं, असं माझं प्रामाणिक मत आहे. पण दीर्घिकासमूहांकडे गेलं की मॉन्डलाही न दिसणारं वस्तुमान लागतंच. २०१७ मध्ये दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून आलेल्या गुरुत्वीय लहरी आणि गॅमा किरण तेरा कोटी प्रकाशवर्षं प्रवास करून दोनेक सेकंदांच्या फरकाने पोचले, आणि त्या एका निरीक्षणाने बदललेल्या गुरुत्वाकर्षणाचे बरेच सिद्धांत निकालात निघाले. २०२१ मध्ये मॉन्डचा एक नवा अवतार आला जो सुरुवातीच्या उजेडाची शिखरं जुळवतो, पण त्यासाठी त्यात जी नवी क्षेत्रं घालावी लागतात ती त्या काळात बरीचशी डार्क मॅटरसारखीच वागतात. मला यातून एवढं दिसतं की पुरावे जिथे बोट दाखवतात तिथे काहीतरी नवं मानावंच लागतं, नाव कोणतंही द्या.

बरं, मग हे आहे काय?

आधी काय नाही ते लवकर सांगतो. १९९० च्या दशकात माचो आणि एरोस हे गट मोठा मॅजेलनी मेघ या शेजारच्या छोट्या दीर्घिकेतल्या लाखो ताऱ्यांवर वर्षानुवर्षं नजर ठेवून होते, मधून एखादा काळा गोळा गेला तर प्रकाश वाकून मागचा तारा काही काळ उजळेल म्हणून. काही तारे उजळले, पण खूपच कमी. नंतर ओगल प्रकल्पाने जवळपास वीस वर्षांच्या निरीक्षणांचा निकाल २०२४ मध्ये दिला, आणि ग्रहांच्या वस्तुमानापासून पार ताऱ्यांपर्यंत असे गोळे डार्क मॅटरचा मोठा भाग असूच शकत नाहीत हे पक्कं झालं. विश्वाच्या अगदी सुरुवातीला तयार झालेली कृष्णविवरं ही शक्यता आहे, पण ती आता लघुग्रहांच्या वस्तुमानाइतक्या चिंचोळ्या पट्ट्यापुरती उरलीय. न्यूट्रिनो, म्हणजे विद्युतभार नसलेले अतिसूक्ष्म कण? ते खरोखर अस्तित्वात आहेत, दिसत नाहीत, भरपूर आहेत, पण फार हलके आणि म्हणून सुरुवातीला फार वेगवान होते, अशा पळत्या कणांनी छोटे ढीग पुसून टाकले असते आणि दीर्घिका जशा तयार झाल्यात तशा झाल्या नसत्या. म्हणून हवाय तो संथ, टिकाऊ, प्रकाशाला दाद न देणारा कण, आणि असा कण आपल्या सध्याच्या यादीत नाही.

बरीच वर्षं सगळ्यात लाडका उमेदवार होता विम्प. प्रोटॉनपेक्षा बहुधा कितीतरी जड, आणि क्षीण बलाइतक्याच (काही किरणोत्सारी बदलांमागचं बल) अशक्त धाग्याने बाकीच्या जगाशी बांधलेला. लाडका यासाठी की असे कण सुरुवातीच्या गरम विश्वात तयार होऊन नंतर एकमेकांना नष्ट करत गेले असते तर जेवढे उरले असते ते प्रमाण आज दिसणाऱ्या डार्क मॅटरच्या जवळपास येतं, कोणीही ओढूनताणून न जुळवता.

ते पकडणं किती अवघड आहे हे आकड्यांत बघा. आपल्या परिसरात डार्क मॅटरची घनता दर घन सेंटीमीटरला प्रोटॉनच्या एक तृतीयांश वस्तुमानाएवढी धरतात. अख्ख्या पृथ्वीच्या आकारमानात कोणत्याही क्षणी असलेलं सगळं डार्क मॅटर गोळा केलं तर ते भरेल अर्धा-पाऊण किलो. नेपच्यूनच्या कक्षेएवढा गोल घेतला तरी एका पन्नासेक किलोमीटरच्या लघुग्रहाएवढं, त्यामुळे ग्रहांच्या चालीत त्याचा पत्ताही लागत नाही. पण सूर्य सेकंदाला सव्वादोनशेच्या आसपास किलोमीटर वेगाने आकाशगंगेत फिरतोय, म्हणजे आपण या हेलोतून सतत जातोय, आणि कण प्रोटॉनच्या शंभरपट जड असेल तर ढोबळ हिशोबाने दर सेकंदाला दर चौरस सेंटीमीटरमधून पन्नास-साठ हजारांच्या वर कण आरपार जात असतील. आत्ता, हे वाचताना. त्यातला एखादा कधीतरी एखाद्या केंद्रकावर आदळावा एवढीच अपेक्षा.

म्हणून अमेरिकेत साउथ डकोटामधल्या जुन्या सोन्याच्या खाणीत, जवळपास दीड किलोमीटर खोल, एलझेड नावाच्या प्रयोगात दहा टन द्रवरूप झेनॉन ठेवलाय, त्यातला सात टन प्रत्यक्ष मोजणीचा, उणे शंभर अंशांच्या आसपास. खोल यासाठी की वरून येणारे वैश्विक किरण खडकात अडावेत. कण केंद्रकावर आदळला तर आधी प्रकाशाचा एक बारीक झटका, मग सुटलेले इलेक्ट्रॉन वर ओढले जाऊन दुसरा झटका, दोन्हींमधल्या वेळेवरून धडक किती खोलीवर झाली ते कळतं आणि दोन्हींच्या प्रमाणावरून धडक केंद्रकाला बसली की नुसत्या इलेक्ट्रॉनला तेही कळतं. इटलीत ग्रान सासो डोंगराखाली झेनॉन-एनटी आणि चीनमध्ये जिनपिंगला पांडाएक्स असेच आहेत. एलझेडने २०२४ मध्ये २८० दिवसांच्या मोजणीचा निकाल दिला, विम्प नाही. मला ही यंत्रं मनापासून आवडतात, कारण हा 'नाही' फार कष्टाने मिळवलेला आहे, जिथे शोधायचं तो एकेक कोपरा त्याने कायमचा बाद होतो.

दरम्यान ग्रान सासोलाच डामा नावाचा प्रयोग वर्षानुवर्षं सांगत आला की त्यांच्या सोडियम आयोडाइडच्या स्फटिकांत दर वर्षी जूनच्या सुरुवातीला झटके वाढतात आणि डिसेंबरात कमी होतात. पृथ्वी सूर्याभोवती फिरताना जूनमध्ये सूर्याच्या गतीच्या दिशेने जास्त जाते, त्यामुळे असं व्हायलाच हवं, म्हणून हा दावा गंभीरपणे घेतला गेला. पण तोच पदार्थ वापरून दक्षिण कोरियात कोसाइन आणि स्पेनमध्ये अनाइस यांनी तपासलं तेव्हा ते चढउतार दिसले नाहीत. हे झेनॉनवाले एवढे संवेदनशील झालेत की २०२४ मध्ये झेनॉन-एनटी आणि पांडाएक्स यांना सूर्यातून येणारे न्यूट्रिनो केंद्रकांवर आदळत असल्याच्या पहिल्या खुणा मिळाल्या. यश आहे आणि अडचणही, कारण इथून पुढे डार्क मॅटरची धडक आणि न्यूट्रिनोची धडक वेगळी ओळखणं दिवसेंदिवस कठीण होत जाणार.

त्यामुळे आता बरंचसं लक्ष ॲक्सिऑनकडे वळलंय. हा कण डार्क मॅटरसाठी सुचवलाच नव्हता. न्यूट्रॉनमधला धन आणि ऋण विद्युतभार किंचितही एकेका बाजूला सरकलेला का नाही, हे कोडं सोडवण्यासाठी १९७७ मध्ये पेचे आणि क्विन यांनी एक युक्ती मांडली, आणि पुढच्याच वर्षी वाइनबर्ग आणि विल्चेक यांनी स्वतंत्रपणे दाखवलं की त्या युक्तीतून एक नवा कण निघतो. तो इलेक्ट्रॉनच्याही अब्जावधी पट हलका असू शकतो, तरी जन्मतः संथ, म्हणून न्यूट्रिनोची अडचण त्याला नाही. १९८३ मध्ये पिएर सिकिवी यांनी सांगितलं की जबरदस्त चुंबकीय क्षेत्रात ॲक्सिऑनचा मायक्रोवेव्ह फोटॉन होऊ शकतो. सिॲटलला एडीएमएक्स प्रयोगात नेमकं हेच करतात, मोठ्या चुंबकात धातूची पोकळी, निरपेक्ष शून्याच्या जवळ थंड केलेली, आणि तिची फ्रिक्वेन्सी अगदी किंचित किंचित बदलत जायची. कणाचं वस्तुमान माहीत नसल्याने फ्रिक्वेन्सीही माहीत नाही, म्हणून एकेक पायरी तपासत जाण्यावाचून इलाज नाही. २०१८ पासून ते अशा अचूकतेला पोचलेत की योग्य फ्रिक्वेन्सीवर ॲक्सिऑन असेल तर तो दिसेल, पण आतापर्यंत चाळलेला पट्टा सगळ्या शक्यतांच्या मानाने फार अरुंद आहे.

आकाशातही शोध चालू आहे. फर्मी या अवकाशातल्या गॅमा किरण दुर्बिणीला आकाशगंगेच्या मध्यभागातून अपेक्षेपेक्षा जास्त गॅमा किरण दिसतात, २००९ पासून यावर वाद आहे, डार्क मॅटरचे कण एकमेकांना नष्ट करतायत की न दिसणाऱ्या कितीतरी पल्सारांचा, म्हणजे वेगाने फिरणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्यांचा, तो एकत्रित उजेड आहे, आणि अजून निकाल लागलेला नाही. प्रोटॉन एकमेकांवर आदळवणाऱ्या लार्ज हॅड्रॉन कोलायडर या यंत्रात टकरीनंतर संवेग कमी भरला तर काहीतरी न दिसता निसटलं असं समजेल, तसंही अजून काही मिळालं नाही.

आणि समजा हा कण गुरुत्वाकर्षणाशिवाय कशालाच दाद देत नसेल, तर या सगळ्या यंत्रांत तो कधीच दिसणार नाही. तेव्हाही एक वाट आहे. संथ डार्क मॅटर असेल तर हेलोत लहान लहान गुठळ्या असल्या पाहिजेत, एकही तारा नसलेल्या, आणि कण किती हलका आणि किती वेगवान यावर सगळ्यात लहान गुठळी केवढी ते ठरतं. आकाशगंगेभोवती तुटलेल्या तारकागुच्छांचे लांबच लांब पट्टे फिरतायत, त्यातल्या जीडी-१ नावाच्या पट्ट्यात ताऱ्यांच्या जागा आणि गती मोजणाऱ्या गाया उपग्रहाच्या मोजमापांतून २०१८ मध्ये एक फट आणि तिच्या बाजूला निघालेला फाटा दिसला, जणू काहीतरी जड त्यातून गेलंय, पण तिथे दिसतंय असं काही नाही. एका पट्ट्यावरून निष्कर्ष काढता येत नाही. चिलीमधली व्हेरा रुबिन यांच्या नावाची वेधशाळा, जिचे पहिले फोटो २०२५ च्या जूनमध्ये आले, दहा वर्षं दक्षिणेचं आकाश पुन्हा पुन्हा टिपणार आहे, आणि तिच्यातून असे आणखी कितीतरी पट्टे सापडतील. त्या पट्ट्यांमधल्या फटी मोजून गुठळ्यांची खालची मर्यादा लागली, तर एकही कण न पकडता त्याच्या वस्तुमानाबद्दल आणि वेगाबद्दल काही ठोस सांगता येईल.